साखळी क्रमांक ४२

पळस्पे फाट्याला मुंबई-गोवा महामार्गाचा शून्य धरला, तर कासू बेचाळिसाव्या किलोमीटरच्या आसपास येते. पेण मागे पडते, वडखळला अलिबागचा रस्ता उजवीकडे फुटतो, गडब येते आणि मग पूर्वेचे डोंगर आणि पश्चिमेची भातशेती यांच्या मधल्या सपाट पट्टीत कासू. आणखी थोडे पुढे गेले की पेण तालुका संपतो, रोहे तालुका लागतो आणि नागोठणे येते. गोव्याला किंवा गावाला निघालेल्या माणसाला कासू दिसतच नाही. त्याचे लक्ष वाकण फाट्याकडे, नाहीतर कोलाडच्या चहाकडे लागलेले असते.

तरीही गेली काही वर्षे हे नाव वर्तमानपत्रांत, न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रांत आणि मंत्र्यांच्या पाहणी दौऱ्यांत सतत येत राहिले आहे, तेही नेहमी जोडीने : ‘पळस्पे ते कासू’ आणि ‘कासू ते इंदापूर’. एका टप्प्याचा शेवट इथे आणि दुसऱ्याची सुरुवातही इथेच.

संपादकांनी यंदा विषय दिला तो सरकारच्या पसाऱ्याचा. खर्च कुठे वाया जातो, कारभार नीटनेटका कसा करता येईल, पूर्वी कुणी करून पाहिला. या विषयासाठी मंत्रालयात जाऊन बसता आले असते. मी कासू निवडले. सरकारी खर्चाची गळती कार्यालयांच्या आत शोधायची आपल्याला सवय आहे : किती शिपाई, किती गाड्या, किती फायली. मला दोन कार्यालयांच्या मधली जागा पाहायची होती आणि ती कासूइतकी उघड्यावर फारशी कुठे सापडत नाही.

हद्द जिथे संपते

पळस्पे ते इंदापूर हे अंतर साधारण ८४ किलोमीटर. त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. काम भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, पैसा बराचसा खासगी ठेकेदाराने उभारायचा आणि पुढे वसूल करायचा, असा करार होता. अडचणी लवकरच उभ्या राहिल्या. भूसंपादन रेंगाळले. कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जाणाऱ्या पट्ट्याला वन आणि वन्यजीव खात्याच्या मंजुऱ्या हव्या होत्या. पुढे ठेकेदाराकडचे पैसे आटले. अखेर तो करार मोडीत निघाला आणि उरलेल्या कामाचे दोन तुकडे झाले, साधारण ४२ किलोमीटरचा एकेक. मधला सांधा कासूला आला.

इंदापूरच्या पुढे मालकच बदलतो. तिथून सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचा रस्ता केंद्राच्या वतीने राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा पाहते. त्याचेही दहा टप्पे, आणि टप्प्यागणिक ठेकेदार. म्हणजे रस्ता एक, क्रमांक एक (आधी १७, आता ६६), गाडी एक, प्रवासी एक, आणि जबाबदारी पळस्प्यापासून झारापपर्यंत डझनभर ठिकाणी वाटलेली.

बांधकाम खात्याच्या कागदावर रस्त्याचा प्रत्येक बिंदू साखळी क्रमांकाने ओळखला जातो. निविदा त्याच क्रमांकाने निघते, मोजमाप पुस्तिका त्याच क्रमांकावर मिटते, देयक त्याच हद्दीपुरते निघते. कामाच्या हिशेबासाठी हे आवश्यकच आहे. पण पावसाचे पाणी साखळी क्रमांक पाहून वाहत नाही. अलीकडच्या भरावाने अडवलेले पाणी पलीकडच्या हद्दीतल्या मोरीकडे जाते. अलीकडे काँक्रीट झालेले असते आणि पलीकडे जुने डांबर, तेव्हा त्या जोडावर चाक आपटते. वळण रस्त्याचा फलक एकाने लावायचा असतो आणि वळण दुसऱ्याच्या हद्दीत संपते. यांतली प्रत्येक गोष्ट छोटी असते, आणि छोटी असल्यामुळेच ती कुणाच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

रस्त्याकडेच्या एका टपरीवर बसलो. नागोठण्याकडे आणि डोलवीकडे जाणारे अवजड ट्रेलर धूळ उडवत जात होते. टपरीवाल्याला दोन्ही टप्प्यांची हद्द एखाद्या उपअभियंत्याच्या तोडीने ठाऊक होती. अपघात झाला, गटार तुंबले किंवा रात्री फलक पडला की लोक आधी एकमेकांना विचारतात, हे अलीकडच्याचे की पलीकडच्याचे? मग फोन लावतात. सामान्य नागरिकाने खात्यांची हद्द पाठ करावी, ही त्याच्यावर पडलेली जास्तीची मेहनत आहे आणि तिचा पगार कुणी देत नाही.

या रस्त्याची गोष्ट न्यायालयातही गेली. चिपळूणचे वकील ओवेस पेचकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तारखा, प्रतिज्ञापत्रे, नव्या मुदती असा क्रम चालला. २०२३ मध्ये तेव्हाचे बांधकाम मंत्री रवींद्र चव्हाण यांनी गणेशोत्सवापूर्वी निदान एक मार्गिका सुरू करण्याचे जाहीर केले आणि वारंवार पाहणी केली. पळस्पे-कासू पट्ट्यात काँक्रीट अंथरले गेले, हे खरे. पलीकडे नागोठणे-कोलाड भागातल्या पुलांची कामे मात्र मागे राहिली. दर गणपतीआधी खड्डे भरायचे, दर पावसात ते उखडायचे, पुन्हा भरायचे. एकाच जागेवर अनेकदा झालेला हा खर्च प्रत्येक वेळी नियमानुसारच होता. लेखापरीक्षकाला त्यातली एकेक पावती बरोबर सापडेल.

आणि जो खर्च पावतीवर कधीच येत नाही? एसटीला लागणारे जास्तीचे डिझेल, मोडलेले पाटे, पनवेलच्या रुग्णालयाकडे निघालेल्या गाडीची वाटेत गेलेली वेळ. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या गणेशमूर्ती याच रस्त्याने राज्यभर जातात. मूर्तीला तडा गेला तर नुकसान कारखानदाराचे. सरकारची उधळपट्टी म्हणताना आपण तिजोरीतून गेलेला पैसा मोजतो. मोठा भाग लोकांच्या खिशातून जातो आणि तो कोणत्याही आढाव्यात दिसत नाही. माझ्या दृष्टीने इथेच या विषयाचे मूळ आहे.

गुंठाभर जमिनीचा प्रवास

रस्ता का रखडला याचे ठरलेले उत्तर ‘भूसंपादन’ असे एका शब्दात दिले जाते. त्या शब्दाच्या आत काय चालते, ते पाहण्यासारखे आहे.

कायदा केंद्राचा, १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा. रस्ता केंद्राचा, मोबदल्याचा पैसाही केंद्राचा. जमीन ताब्यात घेणारा सक्षम अधिकारी मात्र राज्याच्या महसूल खात्यातला, बहुधा प्रांत. कुणा शेतकऱ्याची रस्त्याकडेची दोन गुंठे जागा, तीत एक ओटीचे घर, चार आंबे आणि एक विहीर आहे असे धरू. आधी अधिसूचना निघते. मग भूमी अभिलेखचा भूकरमापक येऊन संयुक्त मोजणी करतो. सातबारा महसूलचा. घराचे मूल्यांकन बांधकाम विभाग करणार, आंब्यांचे कृषी किंवा वन खाते. विजेचा खांब हलवायचा तो महावितरणने, पाण्याची वाहिनी जिल्हा परिषदेने किंवा जीवन प्राधिकरणाने. हे सगळे एकत्र आले की प्रांताचा निवाडा. त्यानंतर रक्कम मागवायची, ती आली की वाटायची.

कोकणात यात आणखी एक भर पडते. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असते आणि वारस सतरा. त्यांतले निम्मे मुंबईत, एखादी आत्या गुजरातेत, एखादा भाऊ बोलत नाही. कुळाची नोंद वेगळीच. हरकत आली की रक्कम न्यायालयात भरायची. शेतकऱ्याचा रोष बहुतेक वेळा दराइतकाच या फिरतीवर असतो. प्रत्येक टेबलाशी तेच कागद पुन्हा द्यायचे आणि प्रत्येक टेबल त्याला सांगणार की आमचे झाले, आता त्यांच्याकडे आहे.

आता हेच ठेकेदाराच्या बाजूने पाहा. यंत्रे आणून उभी केली, मजूर आणले, खडी टाकली आणि मधले दोनशे मीटर ताब्यात नाहीत. यंत्र उभे राहिले तरी हप्ता आणि भाडे चालूच. करारात त्याची भरपाई मागायची सोय असते, त्यातून दावे, त्यातून लवाद. म्हणजे प्रांत कार्यालयात मोजणीचा एक कागद अडकला, तर त्याची किंमत पुढे दुसऱ्याच खात्याच्या खर्चात चढते. प्रांत कार्यालयाच्या कामगिरीचा आढावा घ्या, तिथे ही किंमत दिसणार नाही. प्राधिकरणाचा घ्या, तिथे दिसेल ती ‘ठेकेदाराचा दावा’ म्हणून. दोन्ही आढावे खरे आणि दोन्ही अपुरे.

एकशे पासष्ट दिवस

याच महामार्गावर, याच जिल्ह्यात, याच सरकारी यंत्रणेने केलेले एक काम या सगळ्याला छेद देते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला. १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी किमान एक वाहन अंधारात नदीत गेले. महाराष्ट्र त्या रात्री हादरला. मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि त्यात धोका आढळला नव्हता, हे नंतर विधिमंडळात सांगितले गेले. पाहणी झाली होती, नोंद होती, शेरा होता. कागदाच्या बाजूने काहीच चुकले नव्हते, आणि तरी माणसे गेली. आढाव्याचा विषय निघाला की मला ही नोंद आधी आठवते.

त्यानंतर नवा पूल बांधायला घेतला. मुदत सहा महिन्यांची ठेवली होती. तो १६५ दिवसांत झाला आणि जून २०१७ मध्ये, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, वाहतुकीला खुला झाला. इंदापूरपुढचा रस्ता पाहणारेच खाते, अभियंते तिथलेच, निविदेचे नियम तेच. फरक काय होता? जागा हातात होती. पैसा आधी ठरला होता. मंजुऱ्यांसाठी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहणार नाही, अशी वरून नजर होती. आणि पूल उभा राहिला नाही तर कुणाला विचारायचे, हे पूर्ण राज्याला माहीत होते.

दुर्घटनेची लाज आणि भीती होती म्हणून काम झाले, असे काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण लाज वाटायलाही कुणीतरी एक नेमका माणूस असावा लागतो. कासूच्या सांध्यावर तो माणूस सापडत नाही.

रोह्याच्या पुढची रेल्वे

कासूला रेल्वे स्थानकही आहे. पेण आणि नागोठणे यांच्या मधले, मध्य रेल्वेचे छोटे स्थानक. दिवा-रोहा गाडी थांबते. फलाटावर उभे राहिले तर मालगाड्या आणि कोकणात जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता निघून जातात. त्या रोह्याला पोचतात तेव्हा रुळांचा मालक बदलतो. रोह्यापासून कोकण रेल्वे महामंडळाची हद्द सुरू होते, ती थेट मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत, ७४१ किलोमीटर.

महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांचा राजकीय रेटा होता आणि कामाची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी ६. नव्वदहून अधिक बोगदे, दोन हजारांच्या घरात लहानमोठे पूल, आणि १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी पूर्ण मार्ग खुला. दरडी, वाळूसारखी ढासळणारी माती, गोव्यात मार्गावरून पेटलेले आंदोलन, हे सगळे मधल्या आठ वर्षांत. याच कोकणात पुढे ८४ किलोमीटर सपाट-चढाच्या रस्त्याचे रुंदीकरण दहा वर्षांतही पुरे झाले नाही.

तुकडे पाडल्यामुळे महामार्गाचे वाटोळे झाले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण कोकण रेल्वेचेही तुकडेच पाडले होते. पूर्ण मार्ग सात विभागांत वाटला होता : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता आणि त्याच्या हातात जागेवर निर्णय घ्यायचे, ठेके द्यायचे, पैसे मोकळे करायचे भरपूर अधिकार. जमिनीसाठी चाळीस हजारांहून अधिक खातेदारांशी व्यवहार झाला, आणि त्यात महामंडळाचे लोक स्वतः गावोगाव गेले. काम वाटले होते. उत्तरदायित्व वाटलेले नव्हते. सातही विभागांचे सांधे एकाच माणसाच्या टेबलावर येऊन मिळत.

याच रेल्वेची पुढची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. बांधणीसाठी उत्तम ठरलेली रचना पुढे चालवण्यासाठी अपुरी पडू लागली. दुहेरीकरण, स्थानकांचे विस्तार, पावसाळ्यातली डागडुजी यांसाठी लागणारे भांडवल छोट्या महामंडळाला उभे करता येईना. २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही ते भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली. ‘कोकण रेल्वे’ हे नाव मात्र कायम राहावे अशी अट घातली. वेगळी संस्था काढणे हा प्रत्येक दुखण्यावरचा उपाय नव्हे. काम बदलले की रचनाही तपासावी लागते, आणि ती वेळ कुणीतरी ओळखावी लागते.

पदांची मोजणी

आपल्याकडे अशा तपासण्या कमी झाल्या नाहीत. ए. डी. गोरवाला यांनी १९५१ मध्ये नियोजन आयोगासाठी सार्वजनिक प्रशासनावर अहवाल लिहिला, तो आजही वाचनीय आहे. १९६६ मध्ये पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग नेमला गेला; आधी मोरारजी देसाई, मग के. हनुमंतय्या अध्यक्ष. २००५ मध्ये वीरप्पा मोईलींच्या अध्यक्षतेखाली दुसरा. महाराष्ट्राची तिजोरी ओढगस्तीला आली तेव्हा माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या समितीने राज्याच्या पदांची छाननी केली आणि कपात सुचवली. त्यानंतर प्रत्येक खात्याचा सुधारित आकृतिबंध, म्हणजे कुठल्या कामाला किती आणि कोणती पदे हवीत याचा आराखडा, हा मंत्रालयातला कायमचा विषय झाला. नवे पद हवे तर आधी आकृतिबंध मंजूर करून आणा, असे वित्त विभाग सांगतो.

हा शिरस्ता मुळात चुकीचा नाही. पण जमिनीवर त्याचा परिणाम काय होतो? राज्य सरकारची मंजूर पदे सव्वासात लाखांच्या आसपास आणि त्यांतली दोन लाखांहून जास्त रिकामी. भरतीला उशीर म्हणजे बचत, असा हिशेब कागदावर जमतो. खेड्यात तो कसा उतरतो ते तलाठ्याकडे पाहावे. एकाकडे स्वतःची सजा आणि शिवाय एक-दोन सजांचा अतिरिक्त कार्यभार. सोमवारी इथे, बुधवारी तिथे, शुक्रवारी तहसीलच्या बैठकीला. वारसनोंदीसाठी आलेला माणूस कुलूप पाहून परत जातो, पुन्हा येतो. वाचलेला पगार सरकारच्या खात्यात जमा होतो आणि त्या माणसाची बुडालेली मजुरी कुठेच नोंदली जात नाही. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ मध्ये तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. सजा मात्र त्याच, आणि फेरफारही तेच.

पदे कापून कारभार सुधारण्याचा सर्वांत मोठा अलीकडचा प्रयोग अमेरिकेत झाला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी इलॉन मस्क यांच्या नेतृत्वाखाली कपातीची मोहीम उघडली. दोन लाख कोटी डॉलर वाचवण्याची भाषा होती. ती काही महिन्यांतच बरीच खाली आली. अण्वस्त्रांच्या सुरक्षिततेचे काम पाहणाऱ्या यंत्रणेतली माणसे काढली आणि काही दिवसांतच त्यांना परत बोलवावे लागले. कुणाचे काम कुणाच्या कामाला जोडलेले आहे हे न पाहता आकडा कापला, की असे होते. मे अखेरीस मस्क बाहेर पडले.

महाराष्ट्रात २०२५ च्या सुरुवातीला सरकारी कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा कार्यक्रम झाला. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, अभ्यागतांच्या सोयी, क्षेत्रीय भेटी अशा मुद्द्यांवर कार्यालयांना गुण मिळाले, बाहेरच्या संस्थेकडून मूल्यमापन झाले, निकाल महाराष्ट्र दिनी जाहीर झाले. मला हा कार्यक्रम मनापासून आवडला. बसायला बाक आणि प्यायला पाणी नसलेल्या कार्यालयात तासन्‌तास उभे राहिलेल्या कुणालाही तो आवडेल. पण गुण कार्यालयाला मिळतात. दोन कार्यालयांच्या मधल्या कामाला गुणपत्रिकाच नाही.

गठ्ठ्यांची शिस्त

पेणला एका निवृत्त अव्वल कारकुनांना भेटलो. महसुलात आयुष्य गेले. लखिना यांचे नाव काढल्यावर ते खुर्चीत सावरून बसले.

१९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी होते. त्यांनी नव्या समित्या काढल्या नाहीत. आधी कार्यालय झाडले. कपाटांवरचे, टेबलांखालचे, जिन्याखालचे गठ्ठे खाली उतरवले. अभिलेखांचे वर्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहेत : अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षे, क वर्ग पाच ते दहा, ड वर्ग एक वर्षाने नष्ट करायचा. पण वर्गवारी करायला कुणी बसतच नव्हते आणि ड वर्गाच्या रद्दीखाली अ वर्गाचे जमिनीचे कागद गाडले गेले होते. ते बाजूला झाल्यावर माणसांच्या बसण्याची जागा बदलली, कामाच्या वाटणीचे फलक लागले, आलेल्या माणसाला कुणाकडे जायचे हे दारातच कळू लागले. ‘लखिना पॅटर्न’ पाहायला बाहेरचे अधिकारी येऊ लागले.

त्या कारकुनांनी सहा गठ्ठ्यांची पद्धत बोटांवर मोजून दाखवली. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. टेबलावर याखेरीज सातवा गठ्ठा असता कामा नये. ही शिस्त पाळली तर रजेवर गेलेल्या माणसाच्या जागी दुसरा बसून काम करू शकतो. चंद्रकांत दळवी यांनी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना २०१७-१८ च्या सुमारास हीच रीत ‘झिरो पेंडन्सी’ या नावाने पाच जिल्ह्यांत नेली : जुना साठा संपवायचा आणि रोज आलेले काम शक्यतो रोज निपटायचे.

त्यातला प्रतीक्षाधीन गठ्ठा मला सर्वांत बोलका वाटला. दुसऱ्या कार्यालयाकडून उत्तर यायचे आहे म्हणून थांबलेली प्रकरणे. कारकुनांच्या सांगण्याप्रमाणे चांगला कारकून प्रलंबित गठ्ठा पातळ ठेवतो, प्रतीक्षाधीन मात्र त्याच्या हातात नसतो. स्मरणपत्र एक, दोन, तीन, मग अर्धशासकीय पत्र. महिनाअखेरच्या गोषवाऱ्यात प्रलंबित किती हे साहेब विचारतात. प्रतीक्षाधीन किती दिवसांपासून आणि नेमके कुणामुळे, हे क्वचित कुणी विचारते. साऱ्या जिल्ह्यातल्या कार्यालयांचे हे गठ्ठे एका टेबलावर मांडले, तर सरकारचे सांधे कुठे निखळलेत याचा नकाशाच मिळेल. लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये आला, दाखल्यांना दिवस ठरले, ऑनलाइन अर्ज सुरू झाले आणि एका कार्यालयातून मिळणाऱ्या सेवेत खरोखर फरक पडला. तीन कार्यालये लागणाऱ्या कामाला अजून दिवस ठरलेले नाहीत.

बांध कुणाचा

कासूहून वडखळकडे मागे येऊन पश्चिमेला वळले की खारेपाट. वाशी, वढाव, नारवेल, बेनवले. खाडीच्या भरतीला बांधाने अडवून पिकवलेली ही जमीन. बांधाला उघाडी असतात. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये अशा जमिनी उठवणाऱ्या शिलोत्रीदारांची माहिती आहे. बांध राखणे हे त्यांचे काम. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की घरटी माणूस चिखलाचे ढेकळ घेऊन बांधावर जायचा. त्याला जोळ म्हणत.

१९४८ मध्ये खार जमीन कायदा झाला, मंडळ आले. १९७९ मध्ये खारजमीन विकास कायदा झाला आणि शासकीय योजनांतल्या बांधांची जबाबदारी सरकारने घेतली. जोळ मोडली. ती मोडणे योग्यही होते, कारण गरीब शेतकऱ्याच्या अंगावरचे मोठे ओझे उतरले. पण तिच्याबरोबर वेगही गेला. खांड पडली की आता पंचनामा, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. तोवर दोन उधाणे येऊन जातात आणि दहा फुटांची खांड पन्नास फुटांची होते.

पुढचा सांधा त्याहून अवघड आहे. खारे पाणी शिरलेल्या शेतात दोन-चार वर्षांत कांदळवन उगवते. कांदळवनाला उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी संरक्षण दिले आहे, आणि ते दिलेच पाहिजे होते. या किनाऱ्यावर ते नसते तर आणखी हाहाकार झाला असता. पण आता बांध दुरुस्त करायला त्या झाडांतून जावे लागते, म्हणून परवानगीचा प्रश्न येतो. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे नाव आणि पीक म्हणून भात. जागेवर वन. बांध खारभूमी विभागाचा. महसूल खाते नुकसानभरपाईचा पंचनामा करायला येते, तर पेरणीच झालेली नसल्याने पिकाचे नुकसान दाखवता येत नाही. वढावच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बांधावर उभे राहून हात पसरून दाखवले, हे सगळे भाताचे होते. समोर तिवरांची हिरवी भिंत होती.

नारवेल-बेनवल्याच्या बांधाचे काम जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पात घेतले गेले. आपल्या बांधासाठी दिल्ली आणि वॉशिंग्टनपर्यंत साखळी गेली. वेळेत भरलेली खांड काही हजारांत भरते. दहा वर्षे राहिली की तिच्यासाठी प्रकल्प लागतो.

पाऊस येण्यापूर्वी

परतताना पुन्हा कासूच्या त्याच जोडावर थांबलो. मला इथे नवे महामंडळ नको आहे, नवा आयोगही नको. मे महिन्यात एक संयुक्त पाहणी हवी, तीही दोन्ही टप्प्यांचे अभियंते, प्रांत, महावितरण, खारभूमी आणि ग्रामपंचायत यांनी एका दिवशी, पायी, कासूपासून दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोमीटर चालून केलेली. तिची एकच नोंद आणि तिच्यावर प्रत्येक मुद्द्यापुढे एका अधिकाऱ्याचे नाव : ही मोरी कोण साफ करणार, हा खांब कोण हलवणार, या काँक्रीटचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो आणि तोवर भेगा कोण भरणार. ते नाव रस्त्याकडेच्या फलकावर, फोन क्रमांकासह, मराठीत. अधिकाऱ्याची बदली झाली तर त्याच दिवशी फलक बदलायचा.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले कलम ४ अधिकाऱ्यांची नावे आणि कर्तव्ये स्वतःहून जाहीर करायला सांगतेच. त्यामुळे यासाठी नवा शासन निर्णय काढावा लागणार नाही, आकृतिबंधात एक पदही वाढणार नाही. जिल्हाधिकारी त्यांच्या आढावा बैठकीत प्रतीक्षाधीन प्रकरणांचा गोषवारा खातेनिहाय मागू शकतात. तोही अधिकार त्यांना आज आहे. रायगडात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. दिवाळीपासून तोवर सात महिने मिळतात, सावित्रीच्या पुलाला लागले होते त्याहून थोडे जास्तच.